तळ्यावरची धोबीण

नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. एकदा महादेवाच्या देवळात, कोणी नाही असं बघून, सांगायला तोंड उघडलं होतं — तेवढ्यात गुरव आला आणि समईत तेल किती उरलंय ते पाहू लागला. मी हात जोडून घरी निघून आले. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, आणि ते बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

गावात माझ्याविषयी विचाराल तर म्हणतील, बाई फटकळ आहे, जिभेला हाड नाही, पण मनात एक आणि ओठावर एक असं तिचं नाही. हे कानावर आलं की मी विषय बदलते. लोकांना वाटतं, स्वतःची स्तुती आवडत नाही हिला. काय सांगू त्यांना?

एका पाखरापायी मी खोटं बोलले. हसू नका. लोक जमिनीपायी खोटं बोलतात, सोन्यापायी बोलतात. मी एवढ्याशा पाखरापायी बोलले, आणि तेही जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं अशा बाईशी.

ते पाखरू म्हणजे धोबीण. तुम्ही पाहिली असेल. चिमणीपेक्षा जराशी लांब, पाठ राखाडी, तोंड पांढरं, गळ्याखाली काळा डाग. दगडावर कपडे आपटावेत तशी शेपटी सारखी खाली-वर आपटत चालते, म्हणून धोबीण. पुस्तकातले लोक तिला परीट म्हणतात. पावसाळाभर ती कुठं दिसत नाही. पोळा होऊन जातो, आभाळ जरा उंच सरकतं, सकाळी गवतावर दव दिसायला लागतं — आणि एक दिवस न्हाणीच्या ओल्या जागेवर ती असते. चिलटं टिपत असते. काल नव्हती, आज आहे. कुठून येते, कशी येते, वाट कोण दाखवतं? मला आजही ती पहिल्यांदा दिसली की छातीत धस्स होतं. आधी आनंदानं व्हायचं.

मी मूळची वणीकडची. वर्धा नदीच्या काठावर माझं माहेर. लग्न होऊन बाभुळगावजवळच्या या गावात आले तेव्हा मला पाखरांचं काही विशेष नव्हतं. शेतातली राखायची आणि अंगणातली हाकलायची, एवढंच माहीत. वेड होतं ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. गावाला लागून तळं आहे. आम्ही दोघी धुणं घेऊन जायचो, आणि धुणं कमी, बोट दाखवणं जास्त. त्यांनी तळ्यावरच्या सगळ्या पाखरांची दोन गटांत वाटणी करून टाकली होती — सासुरवाशिणी आणि माहेरवाशिणी. बारा महिने तिथंच राबणाऱ्या त्या सासुरवाशिणी : पाणकोंबडी, टिटवी, चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके आणि टोकाला हळदीचा एक असलेलं ते बदक. आणि हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या त्या माहेरवाशिणी : चिखलावर तुरुतुरु पळणाऱ्या तुताऱ्या, पसरट चोचीची बदकं, ज्वारी भरायला लागली की आभाळ झाकत येणाऱ्या भोरड्या. माहेरवाशिणी येतात, खातात-पितात, अंग धरतात आणि चैत्र लागला की निघून जातात. इथं घरटं म्हणून बांधत नाहीत. बाळंतपणं तेवढी सासरी करतात, उलटी रीत आहे मेल्यांची, असं म्हणून आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

धोबिणी दोन. ही परीक्षा त्यांनी माझी पुष्कळदा घेतली. एक धोबीण तळ्यावर बाराही महिने असते. ती अंगानं थोराड, डोकं आणि पाठ काळीभोर, डोळ्यावर पांढरी भुवई. अंगणात येते ती निराळी, ती राखाडी पाठीची पाहुणी. दोघींची चाल एक, शेपटी आपटणं एक. लांबून बघणारा हमखास फसतो. मीही दोन-तीनदा फसले.

"थे तयावरची तुह्यासारखी हाये," आत्याबाई मला म्हणाल्या होत्या, "कुठीच जात नाई. अन् हे आंगनातली माह्या गिरजासारखी."

टोमणा नव्हता तो. हे मला नीट सांगायलाच हवं — टोमणा नव्हता. सासूनं छळ मांडला होता, उपाशी ठेवलं होतं, असं काही असतं तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. त्या मला माझ्या वाटणीची भाकर आधी वाढायच्या.

गिरजा ही त्यांची एकुलती एक लेक, आमच्या ह्यांची धाकटी बहीण, वयानं माझ्या बरोबरीची. बेंबळा नदी ओलांडून पलीकडं तिचं सासर. आता तुम्ही म्हणाल, एवढं जवळ, तर केव्हाही यावं. तेव्हा तसं नव्हतं. पावसाळ्यात नदीला उतार मिळत नसे आणि आमच्या काळ्या मातीची वाट बैलाच्या गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची. पाऊस संपून वाट वाळते न वाळते तोच कापूस फुटायचा. एकदा वेचणी लागली की तिच्या घरी माणूस पुरत नसे नि आमच्याही घरी. मग कोणती सासू सुनेला माहेरी सोडेल? मधली जी थोडीशी सवड सापडायची, ती आत्याबाईंनी धोबिणीवर बांधून टाकली होती. धोबीण अंगणात उतरली म्हणजे नदी उतरली, वाट धरली. त्या दिवशी त्या लेकाला हाक मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी हे दमणी, म्हणजे आमची हलकी बैलगाडी, जुंपून बहिणीला आणायला निघायचे. सासरहून लेकीला आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. तो मान भावाचा. आमच्या ह्यांना पाखरातलं काही कळत नसे, घार काय नि गिधाड काय. पण आई म्हणाली, आली — की हे टोपी घालून तयार.

गिरजाबाई यायची. कडेवर लेक, काखोटीला गाठोडं. नदीच्या अलीकडच्या काठापासूनच तिचं बोलणं सुरू व्हायचं, दमणी दारात येईपर्यंत अर्ध्या गावाला तिची खबर लागलेली असायची. मग भुलाबाईची गाणी, दुपारची झोप, माय-लेकींचं तळ्यावर जाणं. आणि सीतादही झालं की परत. सीतादही म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी कपाशीच्या झाडाखाली दहीभाताचा नैवेद्य दाखवतात ते. तो नैवेद्य झाला की दमणीचं तोंड पुन्हा नदीकडं.

धोबीण ते सीतादही. वर्षभरात तिचं माहेर एवढंच होतं.

आणि माझं? माझं दिवाळीला असायचं. दिवाळीच्या सुमाराला वर्धेच्या वाळूवर चक्रवाक उतरतात, केशरी अंगाचे, जोडीजोडीनं. आई आणि मी काठावर बसून ते बघत असू. आई फार बोलणारी नव्हती. माझ्या केसांत तेल घालता घालता बघत बसायची. तेल संपलं तरी तिचा हात डोक्यावरच असायचा. पाखरं एकमेकांना हाका मारायची. बस, माझं माहेर म्हणजे एवढंच — डोक्यावर तो हात. ज्या सालाचं मी सांगणार आहे, त्याच साली ती फाल्गुनात गेली. भाऊ राजूरच्या खाणीत लागला होता, तिथंच खोली करून राहिला. आमच्या घराला कुलूप लागलं. मला आणायला आता कोण येणार होतं, आणि आणून कुठं नेणार होतं?

हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते.

सत्तावन्न साल होतं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. चावडीवरची माणसं त्यावर तावातावानं बोलायची. आमच्या घरात त्या वर्षी बोलणं एकच, आत्याबाईंचे डोळे. मोतीबिंदू उतरला होता. उजेड-अंधार कळायचा, समोर माणूस आलं तर सावलीसारखं हलताना दिसायचं. वेचणी आटोपली की यवतमाळला नेऊन डोळे करून आणायचे, असं ठरलं होतं. तोपर्यंत सकाळी त्यांची खाट अंगणात टाकायची, आणि मी भांडी घासत असले की त्या तिकडं तोंड करून विचारायच्या, आली का वं धोबीन?

म्हणजे त्या वर्षी बघायचं काम माझं होतं. दुसऱ्या कोणाचं नाही. ते त्यांनी मोठ्या विश्वासानं माझ्यावर सोपवलं होतं. दोन धोबिणींतला फरक घरात त्यांच्याखेरीज मलाच कळायचा, आणि तो त्यांनीच शिकवला होता.

पाऊस त्या वर्षी लांबला. हस्त नक्षत्रातही कोसळत होता. तळं काठोकाठ भरलं, धुण्याचे दगडसुद्धा बुडाले. अशा वर्षी पाखरं उशिरा आली तर कोणाला नवल वाटलं नसतं. मग एक सकाळ स्वच्छ उजाडली. मी राखेनं तवा घासत होते. मान वर केली, आणि न्हाणीपाशी — ती.

पांढरं तोंड. राखाडी पाठ. अंगानं शेलाटी, एवढ्या लांबून आलेली, आणि तरी कशी नीटनेटकी. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं. आणि त्याच उघड्या तोंडानं मी पुढचं सगळं बघितलं. उद्या दमणी जाईल. परवा गिरजाबाई दारात उतरेल. आत्याबाई तिच्या तोंडावरून हात फिरवतील; दिसत नाही म्हणून यंदा जास्तच फिरवतील, नाक, गाल, कपाळ, सगळं बोटांनी बघतील. आणि मी चुलीपुढं बसून त्या दोघींसाठी चहा ठेवीन. दरसाल ठेवायचेच की. पण दरसाल मला पुढं दिवाळी होती.

मी तोंड मिटलं.

इथपर्यंत खोटं काहीच नव्हतं, नाही का? बाई गप्प बसली, एवढंच. पण पाखरू गप्प बसलं नाही. ते उडून कौलावर गेलं आणि बोललं, तो त्यांचा तुटक आवाज असतो ना, दोनदा चिमटा काढल्यासारखा. आत्याबाईंची मान वळली.

"आवाज आला वं," त्या म्हणाल्या. "धोबीन आली का?"

"नाई आत्याबाई," मी म्हटलं. "थे तयावरची हाये. तयाचा काठ बुडाला, म्हून हिकडं आली."

बघा, किती झटकन सुचलं. विचार करून ठेवल्यासारखं. इतकं पटण्याजोगं खोटं मी पुढं आयुष्यात कधी बोलले नाही. आणि ते मी त्यांनीच दिलेल्या शिकवणुकीतून काढलं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. दोघींच्या आवाजातही फरक असतो. तळ्यावरचीचा गळा मोकळा, शीळ घातल्यासारखा. मला तो फरक पुढं कळला. आत्याबाईंना तेव्हा कळत होता का? असेल तर त्यांनी माझ्या डोळ्यांवर आपल्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवला. नसेल तर — तरी तेच.

"मंग तुह्याच घरची हाये थे," त्या हसल्या. "ऱ्हाऊ दे. हाकलू नोको तिले."

मी हाकललं. त्या घरात गेल्यावर मी झाडू घेऊन तिच्या मागं लागले. ती वर-खाली हेलकावे घेत उडायची, आंब्याच्या फांदीवर बसायची नि परत यायची. तिला काय ठाऊक? दुसऱ्या दिवसापासून मी न्हाणीचं पाणी अंगणात येऊ दिलं नाही, बादलीत धरून परसात लांब ओतू लागले. अंगण कोरडं ठेवलं की चिलटं नाहीत, चिलटं नाहीत की धोबीण नाही. शेजारणीनं विचारलंही, काय गं, एवढी टापटीप कुठून शिकलीस? मी म्हटलं, डास होतात.

रोज सकाळी तोच प्रश्न. आली का वं? नाई आली. ह्यांनी एकदा आईला विचारलं, गिरजाचं काय करायचं? त्या म्हणाल्या, धोबीण यायची आहे अजून, नदी उतरली नसेल. ह्यांनी मान हलवली नि वखर घेऊन गेले. लेकाचा भरवसा आईवर, आईचा माझ्यावर.

आणि ऐका, आता जे सांगते ते खरं. त्या एका सकाळचं काय, माणसाच्या मनात वाईट येतं, तोंडून निघून जातं. पण पुढच्या प्रत्येक सकाळी मला ते फिरवता येत होतं. आज आली, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कोणी विचारलं नसतं, कोणी चौकशी केली नसती; उलट आत्याबाईंनी साखर हातावर ठेवली असती. रोज प्रश्न येण्याआधी मी ठरवायची, आज सांगते. रोज प्रश्न आला की म्हणायची, नाही. का? गिरजाबाईनं माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. ती मला वैनी म्हणून गळ्यात पडायची. मला फक्त एवढं हवं होतं, की एक वर्ष तरी या घरात कोणीच माहेरवाशीण नसावी. सगळ्याच सासुरवाशिणी. सांगताना माझीच मला शिसारी येते, पण तेव्हा असंच वाटलं होतं, आणि ते वाटून बरंही वाटलं होतं.

आत्याबाईंच्या लक्षात माझं दुःखही होतं, हे तर मी कोणत्या तोंडानं सांगू. एका दुपारी वाती वळता वळता त्या म्हणाल्या, दिवाळीला तुझ्या भावाला निरोप धाडू का? राजूरला जाणारं कोणी ना कोणी मिळेल. मी नको म्हटलं. त्यावर म्हणाल्या, गिरजा आली की तुलाही बरं वाटेल.

कापूस फुटला. सीतादही झालं. मी स्वतः दहीभात कालवला, ह्यांनी झाडाखाली नैवेद्य दाखवला, बायकांनी वेचलेला कापूस टाकायला पोटाला ओटे बांधले. दुसऱ्या सकाळी मी आत्याबाईंना म्हटलं की आली, धोबीण आली. त्या उठून बसल्या. कुठं, न्हाणीपाशी का, असं विचारलं. मग वेचणीचं विचारलं. मी म्हटलं, कालच लागली. त्या खाटेच्या काठाला धरून बसल्या.

"मंग हे साल गेलं," त्या म्हणाल्या.

रडल्या नाहीत. लेकीसाठी त्यांनी चोळीचा एक हिरवा खण ठेवला होता, तो पेटीतून चाचपत काढला आणि मला दिला. पुढच्या वर्षी तिला दुसरा घेऊ, हा तू शीव, म्हणाल्या. मी शिवला. घातलाही. तळ्यावर जाऊन चारचौघींत धुतलाही. नाही म्हणता आलं नसतं का?

पुढचं वर्ष त्यांना आलं नाही. पौषात थंडी बाधली, छाती भरली, आणि डोळे करायचे राहूनच गेले. गिरजाबाईला निरोप गेला, पण ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. नदीच्या काठापासून तिचा आवाज आला. या वेळी बोलण्याचा नव्हता.

दिवस होईपर्यंत ती राहिली. एकदा आम्ही दोघी तळ्यावर गेलो. हिवाळा भरात होता. पाण्यावर माहेरवाशिणींची दाटी, मधे मधे तुतारीची शीळ. ती बराच वेळ बघत बसली होती. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, यंदा धोबीण उशिरा आली का? मी म्हटलं, हो, खूप उशिरा आली, पाऊस लांबला ना.

"आमच्या तिकडं तं दसऱ्याआधीच आलती," ती म्हणाली. "मी गाठोडं बांधून ठेवलंतं. मले वाटलं, माय इसरली."

मग तिनं सगळं सांगितलं. धोबीण दिसल्यावर तिनं सासूला सांगून टाकलं होतं, उद्या-परवा माझा भाऊ येतो. पोरीला रोज न्हाऊ घालायची, वेणी घालायची, वेशीवर जाऊन बसायची. चार दिवस सासू काही बोलली नाही. मग विचारू लागली, तुझ्या माहेरची दमणी रस्ता चुकली का? जावा हसू लागल्या. सीतादही झालं त्या दिवशी तिनं गाठोडं सोडलं. मी सगळं ऐकलं. धुणं पिळलं. त्या क्षणी सांगितलं असतं तर? तिनं मला तळ्यात ढकललं असतं तरी ते बरं झालं असतं. मी म्हटलं, गिरजाबाई, नशीब एकेकाचं.

नशीब म्हणाले मी. लक्षात आहे मला.

पुढच्या वर्षी हे आपणहून दमणी घेऊन गेले. रिकामी घेऊन आले. तिनं सांगून पाठवलं होतं, माय होती तेव्हा कोणी आलं नाही, आता कोणासाठी येऊ? ह्यांनी बैल सोडले आणि अंधार पडेपर्यंत चाकाचा चिखल खरवडत बसले. त्यांना समजेना, आपलं काय चुकलं. आणखी एकदा गेले, तसेच परतले. मग गेले नाहीत. भाऊबीजेला तबक तयार करून ठेवायचे आणि संध्याकाळी मलाच उचलून ठेवायला सांगायचे. मी उचलून ठेवायची. जेवायला वाढायची. त्यांना वाटायचं बहीण मानी झाली, तिला वाटायचं भाऊ परका झाला, आणि दोघंही मला चांगलं म्हणायची.

मी अजून तळ्यावर जाते. पूर्वी आत्याबाईंबरोबर जायची, आता एकटी. पोळा झाला की जीव थाऱ्यावर राहत नाही. भोरड्या आल्या का, बदकं उतरली का, करकोचे वरून गेले का? काय शोधते कोण जाणे. केशरी चक्रवाक आमच्या तळ्यावर क्वचित येतात. आले की आईची आठवण होते, नाही आले तर जास्त होते. धोबीण आली की मात्र मी मान फिरवते. माझ्या स्वतःच्या लेकीला मी कॅलेंडर बघून आणवते.

एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

चौदा-पंधरा वर्षांनी गिरजाबाईच्या त्या कडेवरच्या लेकीचं लग्न निघालं. मुलीच्या मागं मामा उभा राहायला लागतो. ते टाळता येत नाही. आमंत्रण आलं, आम्ही दोघं गेलो. गिरजाबाईच्या कपाळाजवळचे केस पिकले होते. तिनं भावाला वाकून नमस्कार केला. लग्न नीट पार पडलं. पाठवणीच्या वेळी पोरगी आईला सोडेना. सासर लांब होतं, चांद्याकडं. मी नवरीची शिदोरी धरून त्यांच्याशेजारी उभी होते. गिरजाबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दरसाल आनाले धाडीन तुले," ती म्हणाली. "माह्या मायसारखी इसरनार नाई मी."

मी हाताच्या अंतरावर होते. तुझी माय रोज सकाळी विचारत होती — एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणू शकणारी जगात मी एकटी होते. मी पोरीचा पदर सारखा केला, शिदोरी गाडीत ठेवली. त्यानंतर गिरजाबाई खूप वर्षं जगली. आमच्या पुष्कळ भेटी झाल्या. ती गेली तेव्हाही, आपल्या आईनं आपल्याला बोलावलं नाही, असंच तिला वाटत होतं.